शुश्रूषेचें ऋण

आमच्या महाविद्यालयांत नीतिशास्त्राचा वर्ग घेतांना आम्ही दरवर्षीं विद्यार्थ्यांस एक प्रश्न विचारीत असतों. युद्धामुळें कोणाकोणाचें नुकसान होतें त्याची यादी करा, असें आम्ही सांगतों. मुलें हुशार असतात; यादी भराभर तयार होते. मेलेले सैनिक, जखमी सैनिक, विधवा, पोरकीं मुलें, पुत्रशोकानें खचलेले आईबाप, उजाड झालेलीं शेतें, कर्जांत बुडालेलीं राष्ट्रें. ही यादी फळ्यावर लिहून झाली म्हणजे आम्ही थोडा वेळ थांबतों आणि यांत आणखी कोणी राहिलें आहे काय, असें पुसतों. "जखमी स्त्री" हे दोन शब्द आपण होऊन क्वचितच कोणीं उच्चारले असतील. वर्गांत निम्म्या मुली बसलेल्या असतात; पण त्यांच्याही यादींत स्त्री येते ती विधवा म्हणून, माता म्हणून, फार तर परिचारिका म्हणून. जिच्या स्वतःच्या अंगांत बाँबचा तुकडा शिरला, जिचे स्वतःचे डोळे गेले, ती कोणास आठवत नाहीं.

हा दोष केवळ त्या मुलांचा नाहीं. आपल्या मनाची घडणच तशी झालेली आहे. महाभारतांत अठरा दिवसांचें युद्ध संपतें आणि स्त्रीपर्व येतें. गांधारी, उत्तरा आणि कुरुकुलांतील इतर स्त्रिया रणभूमीवर येतात, आपापल्या माणसांचीं छिन्नविच्छिन्न शरीरें शोधतात, आणि त्यांचा तो आक्रोश वाचतांना आजही अंगावर कांटा उभा राहतो. परंतु त्या पर्वांत जखम आहे ती पुरुषाच्या देहावर. स्त्रीच्या वांट्यास आलेला आहे तो शोक. आपल्या भाषेनेंही हीच वांटणी कायम ठेविली आहे. वीरमाता हा शब्द आपल्याजवळ आहे, वीरपत्नी आहे. जी स्वतः तरवार हातीं घेऊन लढली तिच्यासाठीं वीरांगना आहे. पण जी लढली नाहीं, जी आपल्या घरीं होती, आणि तरी जिला युद्धानें गांठलें, तिच्यासाठीं आपल्याजवळ शब्दच नाहीं. ज्याला नांव नाहीं त्याची दाद लागणें कठीण, हा व्यवहारांतला नित्याचा अनुभव आहे.

एके काळीं रणांगणास निदान सीमा आहे अशी कल्पना तरी होती. विमान आल्यापासून ती सीमा पुसली गेली, आणि चूल, पाळणा व आड हीं देखील रणांगणें झालीं. अशा स्थितींत एक प्रश्न सुज्ञांनीं विचारांत घेतला पाहिजे असें आम्हांस वाटतें. युद्धांत जखमी झालेली स्त्री पुढें तीस तीस, चाळीस चाळीस वर्षें जगते. त्या जगण्याचें समाजावर कांहीं ऋण आहे काय. आणि असल्यास तें कोणत्या नाण्यांत फेडावयाचें?

प्रश्न हवेंत राहूं नये म्हणून एका शहराचें उदाहरण घेऊं. इराणच्या वायव्येस, इराकच्या सरहद्दीजवळ, झाग्रोस पर्वताच्या कुशींत सरदश्त नांवाचें कुर्द वस्तीचें एक शहर आहे. इराण आणि इराक यांचें युद्ध १९८० च्या सप्टेंबरांत सुरू झालें व १९८८ च्या ऑगस्टपर्यंत चाललें. त्यांत रासायनिक अस्त्रें वापरलीं जात आहेत असा निर्वाळा संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनीं १९८४ सालींच दिला होता. तेव्हां जगास ही गोष्ट ठाऊक नव्हती असें कोणास म्हणतां येणार नाहीं. २८ जून १९८७ रोजीं इराकी विमानांनीं सरदश्तच्या भरवस्तींत मस्टर्ड वायूचे बाँब टाकले. शंभरावर नागरिक मेले आणि हजारों लोकांस त्या विषाची बाधा झाली. हे लोक सैनिक नव्हते. हे दुकानदार होते, शाळकरी मुलें होतीं, आणि घरकाम करणाऱ्या बायका होत्या.

या विषास वायु म्हणतात, पण तें नांव फसवें आहे. वस्तुतः तो एक तेलकट द्रव आहे. त्याचे सूक्ष्म थेंब हवेंत पसरतात आणि कातडीस, कपड्यांस, जमिनीस चिकटून राहतात. त्याचा विशेष क्रूरपणा असा कीं, लागतांच तो दुखत नाहीं. कांहीं तास असेच जातात. मग डोळे चुरचुरूं लागतात, अंगावर फोड उठतात, श्वास कोंडतो. या मधल्या तासांत आई रडणाऱ्या मुलास कडेवर घेते, पडलेल्यास सांवरते, त्याचे भिजलेले कपडे उतरविते. आणि विष एका अंगावरून दुसऱ्या अंगावर जातें. ज्या हातांनीं सेवा केली त्याच हातांवर फोड यावेत, अशी या अस्त्राची रीत आहे. १९१७ सालीं बेल्जममधील ईप्र येथें तें प्रथम वापरण्यांत आलें. त्यास उतारा सांपडला नाहीं, आणि अजूनही नाहीं.

शिवाय तें एकदां पोळून थांबत नाहीं. फुप्फुसांतील बारीक नलिका वर्षानुवर्षें आकसत जातात आणि खोकला जन्माचा सोबती होतो. कातडी कोरडी पडते व तिची खाज रात्रीं झोंप लागूं देत नाहीं. कांहींच्या डोळ्यांचा विकार बरा झालासा वाटतो आणि पंधरा-वीस वर्षांनंतर नव्यानें उफाळून येतो. मग उजेड सोसवत नाहीं आणि दृष्टि हळूहळू मंदावते. म्हणजे १९८७ सालीं जी वीस वर्षांची नववधू होती, तिचें दुखणें तिच्या मुलांबरोबर वाढलें, आणि तीं मुलें संसाराला लागलीं तरी तें तिच्याजवळच राहिलें. अशा शरीरांत राहणारें मन स्वस्थ कसें राहणार? उद्यां दृष्टि जाईल कीं काय, आपल्या पोटीं आलेल्या मुलांस कांहीं भोंवेल कीं काय, चारचौघांत खोकल्याची उबळ आली तर लोक काय म्हणतील, या चिंता तिच्या दिवसाचा भाग होऊन बसतात. जुनी आठवण म्हणजे झालेल्या गोष्टीची आठवण असा आपला समज असतो; येथें आठवण प्रत्येक श्वासाबरोबर नवी होत असते.

आतां ज्ञानाच्या क्षेत्रांत या स्त्रीची नोंद कशी झाली तें पाहूं. युद्धामुळें मनास होणाऱ्या जखमेचा विचार आधुनिक वैद्यकानें प्रथम केला तो सैनिकांच्या संबंधांत. १९१५ च्या सुमारास "शेल-शॉक" हा शब्द वैद्यकीय लेखनांत आला तो खंदकांतील शिपायांसाठीं. पुढें १९८० सालीं अमेरिकन मानसोपचार-तज्ज्ञांनीं आघातोत्तर मानसिक विकारास अधिकृत नांव दिलें, त्यामागेंही मुख्यत्वें व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांची व्यथा होती. खुद्द सरदश्तमध्यें २००७ च्या सुमारास जो मोठा दीर्घकालीन अभ्यास हातीं घेण्यांत आला, त्यासाठीं निवडलेले बाधित नागरिक हे पुरुष होते. संशोधनास एकजिनसीपणा लागतो हें आम्ही जाणतों, आणि त्या संशोधकांच्या हेतूविषयीं आम्हांस शंका नाहीं. पुढें इराणांतील अभ्यासकांनीं युद्धांत जखमी झालेल्या स्त्रियांचाही स्वतंत्र विचार केला, आणि लढाई थांबून कित्येक वर्षें लोटल्यावरही त्यांच्या ठिकाणीं चिंता, खिन्नता व निद्रानाश घर करून आहेत असें नमूद केलें. परंतु ज्या शहरांत विषानें स्त्रीपुरुष हा भेद केला नाहीं, तेथें मोजमापानें तो प्रथम करावा, आणि स्त्रीची पाळी मागाहून यावी, ही गोष्ट आमच्या वर्गांतील फळ्यावरच्या त्या यादीसारखीच बोलकी आहे.

मोजण्याच्या साधनांतही एक खोंच आहे. जगण्याची प्रत मोजण्यासाठीं जगभर छत्तीस प्रश्नांची एक प्रसिद्ध प्रश्नावली वापरतात. जिने चढवतात काय, सामान उचलवतें काय, दुखण्यामुळें कामांत खंड पडला काय, मन उदास असतें काय, असे तिचे प्रश्न असतात. प्रश्न चांगले आहेत. त्यांवांचून पुष्कळशी व्यथा मुकीच राहिली असती. परंतु घरच्या बाईस कोणीं विचारलें कीं, "बाई, तुमच्या दुखण्यामुळें कामांत खंड पडला काय?" तर ती "नाहीं" म्हणण्याचा पुष्कळ संभव आहे, आणि तें उत्तर खरेंही असेल. भाकरी झाली, धुणें झालें, सासऱ्यांचें पथ्यपाणी झालें. खंड कोठें पडला? करवतें आणि करावें लागतें यांतील अंतर त्या उत्तरांत दिसत नाहीं. पुरुषाच्या बाबतींत शक्ति संपली कीं काम थांबतें, आणि काम थांबलें कीं दुखणें सर्वांस दिसतें. स्त्रीच्या बाबतींत शक्ति संपल्यावरही काम चालूच राहतें. आणि तें चालू ठेवण्याची किंमत तिचें मन देत असतें. तिच्या शरीराच्या जखमेची आणि मनाच्या ग्लानीची गांठ पडते ती आमच्या मतें याच ठिकाणीं.

येथेंच आम्ही आमच्या मुख्य मुद्यावर आलों. युद्धांत पांगळा होऊन पुरुष घरीं आला, तर त्याच्यासाठीं एक परिचारिका घरांत आधींच हजर असते. तिची नेमणूक कोणीं केलेली नसते, तिला वेतन नसतें, रजाही नसते. ती त्याची पत्नी असते. तिच्या त्यागाची थोरवी आपण गातों, आणि ती थोरवी खरीही आहे. पण स्त्री पांगळी झाली तर? तेव्हां घराचा पहिला प्रश्न तिच्याविषयीं नसतोच. तो प्रश्न जाणून घेण्यास सरदश्तपर्यंत जाण्याची गरज नाहीं. आपल्याच सुशिक्षित घरांत गृहिणीस ताप भरला म्हणजे पहिल्या तासांत कोणतें वाक्य उच्चारलें जातें तें वाचकांनीं आठवून पाहावें. "आतां स्वयंपाकाचें काय?" हें तें वाक्य. यांत दुष्टपणा नसतो. माणसें प्रेमळच असतात. परंतु स्त्री ही शुश्रूषा देणारी आहे, घेणारी नव्हे, ही समजूत आपल्या हाडांत मुरलेली आहे, आणि दोन दिवसांच्या तापांत जी समजूत दिसते तीच चाळीस वर्षांच्या दुखण्यांत पर्वताएवढी होते.

यावर कोणी म्हणतील कीं, राष्ट्रें अशा लोकांचा सन्मान करितात, त्यांस वेतन देतात. आणखी काय करावयाचें? इराणांत युद्धांतील जखमींस "जानबाज" म्हणतात, म्हणजे प्राण पणास लावणारा. शब्द सुंदर आहे. त्यांच्यासाठीं सरकारी संस्था आहे, आणि जखमेचे शेंकडा किती हें ठरवून त्या मानानें साहाय्य देण्याची पद्धत आहे. या व्यवस्थेस आम्ही कमी लेखत नाहीं. कित्येक राष्ट्रांत एवढेंही नाहीं. परंतु दोन अडचणी राहतात. पहिली अशी कीं, शेंकडेवारीस कागद लागतो. १९८७ च्या त्या दिवसाची दवाखान्याची नोंद ज्यांच्याजवळ नव्हती, अशा सरदश्तकरांस आपण बाधित आहों हें सिद्ध करणें जड गेलें. संकटाच्या वेळीं स्वतः रांगेंत उभें राहून नोंद करविणारें माणूस घरांतील कोणतें, आणि मुलांजवळ मागें थांबणारें कोणतें, हें सांगावयास नको.

दुसरी अडचण अधिक खोल आहे. प्राण पणास लावण्यास इच्छा लागते. सैनिकानें आपला प्राण पणास लाविला, म्हणून त्याचा गौरव. अंगणांत कपडे वाळत घालणाऱ्या बाईनें काय पणास लाविलें होतें? तिचा प्राण दुसऱ्यांनींच पणास लाविला. तिला कोणीं विचारलें नाहीं. तिला वीर म्हटल्यानें आपलें समाधान होतें, परंतु तिच्या बाबतींत जें घडलें त्याचें वर्णन होत नाहीं. पराक्रमास सन्मान हें योग्य उत्तर आहे. अन्यायास सन्मान हें उत्तर नव्हे. त्यास ऋण मानून फेडणें हें उत्तर आहे.

नुसता सन्मान प्रसंगीं कसा उलटतो याचा दाखला आपल्या शेजारींच आहे. १९७१ च्या युद्धांत ज्या स्त्रियांवर अत्याचार झाले, त्यांस स्वतंत्र बांगलादेशाच्या सरकारनें "बीरांगना" ही पदवी दिली. हेतु उदात्त होता. त्यांस घरांनीं व समाजानें मानानें परत घ्यावें अशी इच्छा होती. पण घरें बदललीं नव्हतीं. ज्या समाजांत झालेली गोष्ट लपविण्यासारखी मानली जात होती, तेथें ती पदवीच कपाळावरच्या डागासारखी झाली, आणि कित्येकींनीं ती मिरविण्यापेक्षां मौन पत्करलें. स्वातंत्र्ययोद्ध्यांचा दर्जा आणि त्याबरोबरचें वेतन त्यांस सरकारी रीतीनें मिळूं लागलें तें २०१५ सालीं. तोंपर्यंत चव्वेचाळीस वर्षें लोटलीं होतीं, आणि अनेक जणी जगांत राहिल्या नव्हत्या.

याच्या उलट दुसरें एक उदाहरण आहे. १९४५ सालीं हिरोशिमावर अणुबाँब पडला तेव्हां ज्या मुली भाजल्या, त्यांपैकीं पंचवीस जणींस १९५५ सालीं न्यूयॉर्क येथें शस्त्रक्रियेसाठीं नेण्यांत आलें. ज्या राष्ट्रानें बाँब टाकला त्याच राष्ट्रांतील नागरिकांनीं हा उद्योग केला होता. शस्त्रक्रिया पुष्कळ झाल्या. एक मुलगी १९५६ सालीं शस्त्रक्रियेच्या वेळींच मरण पावली, हेंही विसरतां कामा नये. परंतु या हकीकतींत आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते ती वैद्यकाची करामत नव्हे. दोन शस्त्रक्रियांच्या मधल्या काळांत त्या मुली क्वेकर पंथाच्या कुटुंबांच्या घरीं राहिल्या. ज्यांनीं आपल्याच गांवांत तोंड झांकून दिवस काढले होते, त्यांस परक्या घरांत जेवणाच्या टेबलाशीं जागा मिळाली. त्यांनीं कोणाची सेवा करावी अशी अट नव्हती, कोणी त्यांची सेवा करीत होतें. हजारों पोळलेल्यांतून पंचवीस म्हणजे ओंजळभर पाणीही नव्हे, आणि निवडीच्या मागें विवाहयोग्य मुलीच्या चेहऱ्याची चिंता होती हेंही आम्ही नाकारीत नाहीं. तरी ऋण कोणत्या नाण्यांत फेडावयाचें याचें दिग्दर्शन आम्हांस त्या जेवणाच्या टेबलाशीं होतें.

कांहीं सुजाण वाचक येथें आक्षेप घेतील. पहिला आक्षेप असा कीं, युद्धांत सर्वच होरपळतात. त्यांत स्त्री आणि पुरुष असा भेद कशास? आमचें उत्तर असें कीं, वेदनेंत भेद आम्ही करीत नाहीं. पुरुषाचा खोकला स्त्रीच्या खोकल्याहून हलका नाहीं. भेद आहे तो वेदनेच्या वांटणींत. एकाचें ओझें उचलण्यास दुसरें माणूस येतें. दुसरीचें ओझें तिच्याच डोक्यावर राहतें, आणि वर पहिल्याचेंही चढतें. सरदश्तमध्यें नवरा-बायको दोघेंही बाधित आहेत अशीं घरें असणारच. अशा घरांत रात्रीं पाणी देण्यास कोण उठत असेल, याचा विचार वाचकांनींच करावा.

दुसरा आक्षेप असा कीं, जुन्या जखमा उकरून काय लाभ. काळ हेंच औषध. काळ हें शोकावरचें औषध आहे हें खरें. परंतु जी जखम काळाबरोबर वाढते तीवर काळ हें औषध कसें होईल? आणि ज्या दुःखाविषयीं कोणी विचारीत नाहीं तें विसरलें जातें असें नव्हे. तें एकट्यानें आठवलें जातें, एवढाच फरक.

तिसरा आक्षेप न्यायाचा आहे. अपराध्यास शासन करा म्हणजे ऋण फिटलें, असें कोणी म्हणतील. शासन अवश्य व्हावें. इराकास या विषाचा कच्चा माल पुरविणाऱ्या एका डच व्यापाऱ्यास हेग येथील न्यायालयानें २००५ सालीं पंधरा वर्षांची शिक्षा दिली, आणि अपिलांत २००७ सालीं ती सतरा वर्षांची झाली. रासायनिक अस्त्रांवर पूर्ण बंदी घालणारा आंतरराष्ट्रीय करार १९९७ सालापासून अंमलांत आहे. हीं दोन्ही मानवजातीचीं सत्कृत्यें होत. पण न्यायालयाचा निकाल मागील हिशेब मिटवितो, करार पुढील अनर्थ टाळूं पाहतो. आजची रात्र या दोहोंच्या मध्यें पडते. खोकणाऱ्या बाईची उशी उंच करून देणें हें कोणत्याही न्यायालयाच्या कक्षेंत येत नाहीं.

मग तें कोणाच्या कक्षेंत येतें? आपल्या शास्त्रकारांनीं मनुष्य जन्मतःच तीन ऋणें घेऊन येतो असें सांगितलें आहे. त्यांतील मर्म असें कीं, तीं एकदां चुकतीं करून मोकळें होतां येत नाहीं. यज्ञ, अध्ययन आणि संतति यांच्या रूपानें तीं आयुष्यभर फेडीत राहावें लागतें. शुश्रूषेचें ऋण याच जातीचें आहे. पदक एकदां देतां येतें, वेतन महिन्यास देतां येतें. शुश्रूषा रोज द्यावी लागते. राज्यानें तीसाठीं पैसा, दवाखाने आणि शिकलेलीं माणसें पुरवावींत. ज्यांच्याजवळ कागद नाहीं त्यांच्या शरीरालाच कागद मानावें. मनाच्या दुखण्यास शरीराच्या दुखण्याइतकाच अधिकार द्यावा. परंतु राज्याचा हात उंबरठ्यापर्यंत पोंचतो. उंबरठ्याच्या आंत तें ऋण पतीचें आहे, मुलाचें आहे, भावाचें आहे. ज्या दिवशीं घरांतील पुरुष पथ्याचें जेवण शिजविण्यास व तांब्या भरून आणण्यास आपल्या पौरुषास उणेपणा मानणार नाहीं, त्या दिवशीं जखमी स्त्रीस प्रथमच आजारी पडण्याचा हक्क मिळेल. आणि आजारी पडण्याचा हक्क मिळाल्यावांचून बरें होण्याचा मार्ग कोणासही सांपडलेला नाहीं.

यंदा फळ्यावरील यादी पुरी झाल्यावर आम्ही नेहमींप्रमाणें थांबलों, तेव्हां मागच्या बाकावरील एक मुलगी उठून म्हणाली, "सर, जखमी सैनिकाच्या पुढें त्याची काळजी घेणारी म्हणून त्याची बायको लिहिली आहे. जखमी बायकोच्या पुढें काय लिहावयाचें?" आम्ही खडू तिच्या हातीं दिला. तिनें "जखमी स्त्री" असें लिहिलें, पुढें एक रेघ ओढली, आणि रेघेपुढची जागा मोकळीच ठेवून ती आपल्या जागेवर जाऊन बसली. तास संपला तरी आम्हांस ती जागा भरतां आली नाहीं.